दप्तरी नाव : स्त्रीहक्कांच्या चळवळीचा पावणेदोनशे वर्षांचा मागोवा

स्त्रीहक्कांच्या चळवळीचा इतिहास सांगताना सामान्यतः थोर समाजसुधारकांची चरित्रे, गाजलेल्या परिषदा आणि वेळोवेळी संमत झालेले कायदे यांचा परामर्श घेतला जातो. ते योग्यच आहे. तथापि हाच इतिहास आणखी एका वाटेने पाहता येतो आणि ती वाट दप्तरांतून जाते. शाळेचा पट, न्यायालयाचा निकाल, मतदारयादी, रोजगाराच्या कामावरील हजेरीपट, जमिनीचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचे इतिवृत्त ही ती दप्तरे होत. यांपैकी प्रत्येकात स्त्रीचे नाव केव्हा व कसे लागले, ते लागावे म्हणून कोणाला काय सोसावे लागले, आणि कोठे ते अद्यापही लागावयाचे राहिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही दप्तरे प्रत्यक्ष ज्यांच्या हाती असतात, त्या शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांना हा विषय विशेष जवळचा वाटावा.

शाळेचा पट

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. सावित्रीबाईंना शाळेत जाताना शेणमातीचा मारा सहन करावा लागला, हेही आपण मुलांना शिकवतो. या विरोधाचे कारण मात्र नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी स्त्री अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी वा कोणाची आई म्हणून ओळखली जाई. शाळेच्या पटावर तिचे नाव लागणे म्हणजे घराबाहेरच्या एका संस्थेने तिला स्वतंत्र व्यक्ती म्हणून मान्य करणे होते. विरोधकांना अक्षरांपेक्षा ही मान्यता अधिक खुपली, असे म्हणावयास हरकत नाही.

या मान्यतेचे फळ लवकरच दिसून आले. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग व महार यांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेली टीकेची झोड, हे या पुस्तकाचे निमित्त होते. जो दोष पुरुषात क्षम्य ठरतो तोच स्त्रीत अक्षम्य का, असा ताराबाईंचा रोखठोक सवाल होता. त्याच वर्षी पंडिता रमाबाई यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठाचा पाया घातला. शाळेच्या पटावरील नावापासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत येण्यास अडुसष्ट वर्षे लागली.

न्यायालयातील नाव

शिक्षण मिळालेल्या स्त्रीने आपल्या देहावर व आयुष्यावर हक्क सांगितला, तेव्हा काय घडते हे रखमाबाईंच्या खटल्याने दाखवून दिले. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. त्या मातोश्रींकडे व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. पत्नीने आपल्याकडे नांदावयास यावे म्हणून दादाजींनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. समजत्या वयापूर्वी आपल्या संमतीवाचून झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्याने देशभर वादळ उठविले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षे केली, त्यामागील लोकमताच्या मंथनात या खटल्याचा वाटा होता. विवाहातील संमती ही विवाह होणाऱ्या व्यक्तीची असावी लागते, हा विचार एका तरुण स्त्रीने न्यायालयाच्या दप्तरात कायमचा नोंदवून ठेवला, हे त्याचे खरे महत्त्व होय.

मतदारयादी

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही मताधिकार मिळावा, अशी मागणी त्याने केली. १९१९ च्या सुधारणा कायद्याने हा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपविला. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ साली स्त्रियांवरील बंदी उठविली. मुंबई इलाख्यात या मागणीला पाठबळ देणाऱ्यांत सेवासदनच्या रमाबाई रानडे होत्या. मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करावे, यासाठी पुण्यातील स्त्रियांना रस्त्यावर आणण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरले.

तथापि १९२१ चा मताधिकार मालमत्ता वा सारा भरण्याच्या अटीशी बांधलेला होता. ज्या समाजात स्त्रीच्या नावे मालमत्ताच नसे, तेथे अशा मताधिकाराचा लाभ मूठभर स्त्रियांनाच मिळणे अपरिहार्य होते. १९३५ च्या कायद्याने ही संख्या वाढविली, पण त्यातील एक तरतूद अशी होती की पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीस मत मिळावे. स्त्री संघटनांनी या अटीस आक्षेप घेतला व प्रौढ मताधिकाराची मागणी लावून धरली. नागरिक म्हणून मिळणारे मत आणि कोणाची तरी पत्नी म्हणून मिळणारे मत यांतील भेद त्यांनी अचूक ओळखला होता.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक प्रौढ नागरिकास मताधिकार दिला. परंतु पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक स्त्रिया परक्या माणसास स्वतःचे नाव सांगेनात. त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने अशा नोंदी चालणार नाहीत, असा निर्णय घेतला. नाव सांगण्यास मुदत देण्यात आली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. यांतील बहुसंख्य स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथील होत्या. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला असेल. पण मत हे व्यक्तीचे असते, नात्याचे नसते, हे तत्त्व त्यामुळे एकदाच व कायमचे निश्चित झाले. पुढील निवडणुकीपर्यंत या परिस्थितीत पुष्कळ सुधारणा झाली.

हजेरीपटावरील अंगठा

मताधिकारानंतरचा प्रश्न पोटाचा होता. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतिविषयक लाभाचा कायदा झाला. गिरणीत राबणाऱ्या स्त्रीस बाळंतपणात विसावा व साहाय्य मिळावे, या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात भाषण केले होते. पुढे १९४२ साली नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची परिषद भरली. चळवळ शहरी सुशिक्षित स्त्रियांपुरती राहिलेली नाही, याची ती साक्ष होती.

१९७२ च्या दुष्काळात हा प्रश्न खेडोपाडी उभा राहिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्याच सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात आदिवासी स्त्रिया दारूच्या गुत्त्यांविरुद्ध उभ्या राहिल्या, तर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी लाटणे मोर्चे निघाले. १९७४ साली देशातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल सादर झाला आणि १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामास समान मोबदल्याचे तत्त्व अंगीकारले. महाराष्ट्राने १९७७ साली संमत केलेल्या रोजगार हमी कायद्यातही स्त्रीपुरुषांच्या मजुरीत भेद ठेवण्यात आला नाही. हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे अंगठा उमटवून स्वतःची मजुरी स्वतः घेणे, हा असंख्य ग्रामीण स्त्रियांचा शासनाशी आलेला पहिला व्यवहार होता.

सातबारा

यानंतर आपण सर्वांत अवघड दप्तराकडे वळू. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, परंतु पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपुष्टात येई. १९३७ साली मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या मालमत्तेत वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता मर्यादित होता. डॉ. आंबेडकर यांनी हिंदू संहितेच्या विधेयकाद्वारे हा सारा विषय मुळापासून हाताळला. त्या विधेयकाची वाटचाल रखडली, हे त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांपैकी एक प्रमुख कारण होते. विधेयकाचे भाग पुढे स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने १९५५ व १९५६ साली संमत झाले.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीस मिळालेली मालमत्ता पूर्णतः तिच्या मालकीची ठरविली. मात्र एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा जन्मतःच हक्कदार राहिला, मुलगी राहिली नाही. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, वडील वारले, आई हयात नाही, मागे दोन मुलगे व एक मुलगी आहे. जुन्या तरतुदीनुसार प्रथम वडील व दोन मुलगे यांचे तीन-तीन एकरांचे हिस्से धरले जात. त्यानंतर वडिलांच्या तीन एकरांत तिन्ही भावंडांना एकेक एकर मिळे. म्हणजे प्रत्येक भावास चार एकर आणि बहिणीस एक एकर.

हा भेद दूर करण्याची मागणी चळवळीने सातत्याने केली. काही राज्यांनी केंद्राच्या आधीच पावले उचलली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी आपले महिला धोरण जाहीर केले आणि त्याच दिवसापासून लागू झालेल्या राज्य दुरुस्तीने, तोवर अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही संपविला आणि शेतजमिनीबाबतचा जुना अपवाद वगळला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्रीव्यवहार यांना या दुरुस्तीने बाधा येत नाही. मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे, २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. आता वरील उदाहरणात तिन्ही भावंडांना तीन-तीन एकर मिळतात. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. इतर समाजांना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू होतात. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कायद्याच्या पुढे समाजाने टाकलेली पावलेही नोंदविली पाहिजेत. शेतकरी संघटनेने १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरविले. त्यानंतर पतीने आपल्या जमिनीचा हिस्सा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, अशी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम शरद जोशी यांनी चालविली. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी करून दिली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पतिपत्नी दोघांच्या नावे लावण्याची कार्यवाही २००३ पासून हाती घेण्यात आली.

असे असूनही व्यवहारात काय घडते? बहिणीची साडीचोळीवर बोळवण करण्याची रीत आजही अनेक गावांत टिकून आहे. ‘हिस्सा घेतला तर माहेर तुटेल’ ही भीती तिला घातली जाते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. स्वखुशीने हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु ज्या बहिणीस आपला हिस्सा किती हेच सांगितलेले नाही, तिची सही स्वखुशीची कशी मानावी? स्थावर मालमत्तेतील हक्क सोडावयाचा असल्यास तो नोंदणीकृत दस्तऐवजानेच सोडता येतो, साध्या अर्जावर वा तोंडी सांगण्यावर नाही. खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल दप्तरी वर्दी द्यावयाची असते. त्या वेळी मुलगी विवाहित आहे म्हणून तिचे नाव वारसांच्या यादीतून गाळणे बेकायदेशीर आहे. वर्दी घेणारा कर्मचारी ‘मुली किती?’ हा एक प्रश्न न चुकता विचारील, तर कित्येक बहिणींचे पुढील न्यायालयीन हेलपाटे टळतील.

ग्रामपंचायतीचे इतिवृत्त

१९८९ साली महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा यांसारख्या काही गावांत सर्वच जागांवर स्त्रिया निवडून आल्या. त्या वेळी आजच्याइतके आरक्षण नव्हते. १९९० साली राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक-तृतीयांश जागा राखीव केल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण ५० टक्के केले. लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली आहे.

निवडून आलेल्या स्त्रीचे नाव इतिवृत्तात लागले, एवढ्याने काम संपत नाही. सरपंच पत्नी आणि कारभारी पती, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. सभेत खुर्चीवर कोण बसते, ठरावावर कोण बोलते आणि धनादेशावर सही करण्यापूर्वी कागद कोणास वाचून दाखविला जातो, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या गावात आरक्षण किती रुजले, ते समजते. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सभा कागदोपत्री उरकली जाते की खरोखर भरते, हे पाहणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

ती खरोखर भरली व ग्रामसभेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने दाखविले. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना या ठरावाचा आदर्श घेण्याचे आवाहन केले. ज्या विधवेच्या दुःखाने एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना अस्वस्थ केले, तिच्याविषयीचा ठराव एका खेड्याच्या इतिवृत्तात आला, यास एकशे सत्तर वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.

पुन्हा शाळेचा पट

शाळेच्या पटापासून आरंभ झालेल्या या इतिहासातील एक अलीकडची नोंद पुन्हा पटाशीच येऊन मिळते. राज्य शासनाच्या मार्च २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत प्रथम त्याचे नाव, नंतर आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. जी स्त्री कधीकाळी ‘अमक्याची आई’ एवढीच होती, तिचे स्वतःचे नाव आता अपत्याच्या नावात आले आहे.

हुंडाबंदी, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता हे चळवळीचे इतर प्रवाहही तितकेच महत्त्वाचे आहेत व त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल. येथे पाहिलेल्या दप्तरांपुरते एवढे म्हणता येईल की, कायदे करण्याचे काम संसद व विधिमंडळ यांनी पुष्कळ अंशी पूर्ण केले आहे. नाव नोंदविण्याचे काम मात्र शाळेत, चावडीत आणि ग्रामपंचायत कार्यालयात व्हावयाचे आहे. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी आईचे नाव तिच्याकडूनच विचारून लिहावे. महसूल कर्मचाऱ्यांनी वारसनोंद करताना प्रत्येक मुलीचे नाव घ्यावे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील घरांपैकी किती घरे दोघांच्या नावे आहेत, याची एकदा मोजणी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. यांतील एकाही कामास नवा कायदा लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही.